२८ महिन्यांचं ‘क्रीम’

सां सां नि सां, प म म सा ग सा.

वरच्या षड्जापासून सुरुवात करून खालच्या षड्जापर्यंत उतरायचं. निषाद आणि गंधार कोमल. दोन मध्यमांपैकी पहिला तीव्र, दुसरा शुद्ध. घरात पेटी असेल तर हे दहा स्वर जरा रेंगाळत, पण ठाम वाजवून बघा. ‘सनशाइन ऑफ युअर लव्ह’ या गाण्याची ही मुख्य ओळ. इलेक्ट्रिक गिटार शिकणारं पोर मुंबईचं असो नाहीतर मँचेस्टरचं, पहिल्या काही धड्यांत ही ओळ त्याच्यासमोर येतेच. तिचा बँड मात्र त्याला बहुधा माहीत नसतो.

त्या बँडचं नाव ‘क्रीम’. जुलै १९६६ मध्ये लंडनच्या तीन वादकांनी तो उभा केला आणि नोव्हेंबर १९६८ मध्ये निरोपाचा कार्यक्रम करून मोडला. २८ महिने, चार अल्बम, आणि त्यातला चौथाही बँड मोडल्यावर बाजारात आला. एवढ्याशा कामाचं नाव साठ वर्षांनंतरही का निघतं? याचं उत्तर बहुतेक लेखांत ‘तिघेही थोर वादक होते’ एवढ्यावर संपतं. तिघेही थोर होतेच, पण थोर वादक एकत्र येऊन फुसकं संगीत केल्याची उदाहरणं ढिगाने सापडतील. मला विचाराल तर क्रीमचं मोठेपण आणि क्रीमचं मोडणं ही दोन्ही एकाच गोष्टीतून आली: या बँडमध्ये साथीला कोणीच नव्हतं. तिघेही मुख्य कलाकार. हे नेमकं काय होतं ते समजायचं, तर थोडं मागे जावं लागेल.

ब्लूज: ४८ मात्रांचं आवर्तन

ब्लूज हे अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय माणसांचं संगीत. मिसिसिपी राज्यातल्या कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या, ज्यांचे आजी-आजोबा गुलाम होते अशा लोकांमध्ये ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आकाराला आलं. सोबतीला एक गिटार आणि स्वतःचा गळा. विषय रोजचेच: सोडून गेलेली बायको, न मिळालेली मजुरी, पुराचं पाणी, तुरुंग, रेल्वे.

त्याचा सांगाडा अगदी साधा आहे. चार मात्रांचा एक भाग, त्याला ‘बार’ म्हणतात. असे बारा बार झाले की एक फेरी पूर्ण. आपल्या गाण्यात ख्यालगायक तालाचं आवर्तन भरतो, समेवर येतो आणि पुन्हा नवं आवर्तन भरायला घेतो, तसंच इथे. आवर्तन ४८ मात्रांचं, इतकंच. फरक असा की या आवर्तनात पायाचा स्वरही ठरल्या जागी बदलतो. पहिले चार बार षड्जावर, पुढचे दोन मध्यमावर, दोन परत षड्जावर. मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटचे दोन पुन्हा घरी. शब्दांचीही रीत ठरलेली: एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचा निकाल लावायचा. गाताना मुख्यत्वे पाच स्वर लागतात: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. आपल्याकडे धानी रागाचे स्वर हेच. त्यात तीव्र मध्यम मिसळला की ब्लूजचा तो कळवळा येतो. आता वर दिलेले दहा स्वर पुन्हा पाहा. या सहांच्या बाहेरचा एकही स्वर त्यात नाही.

दक्षिणेतली ही माणसं कामाच्या शोधात शिकागोसारख्या शहरांत गेली. गजबजलेल्या दारूच्या गुत्त्यांत नुसती लाकडी गिटार ऐकूच जाईना, म्हणून ती विजेवर आली. मडी वॉटर्स, हाऊलिन वुल्फ, बडी गाय ही त्या शिकागोची मोठी नावं. मडी वॉटर्स १९५८ मध्ये इंग्लंडला गेला, तेव्हा त्याच्या विजेच्या गिटारचा आवाज ऐकून तिथले श्रोते दचकले होते. पण त्याच इंग्लंडमधल्या काही पोरांना या संगीताने झपाटून टाकलं. अमेरिकेहून येणाऱ्या तबकड्या मिळवायच्या, सुई उचलून पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवायची आणि एकेक स्वर गिटारवर काढायचा, हे त्यांचं शिक्षण.

तिघे

त्या पोरांपैकी एक एरिक क्लॅप्टन. जन्म १९४५, सरे परगण्यातल्या रिप्ली गावचा. तो ‘यार्डबर्ड्स’ या बँडमध्ये वाजवायचा. बँड पॉप गाण्यांकडे वळतोय म्हटल्यावर १९६५ मध्ये, ऐन यशाच्या तोंडावर, तो बाहेर पडला आणि जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’मध्ये गेला. तिथे त्याच्या वादनाने असा काही धुमाकूळ घातला की लंडनच्या इझलिंग्टन भागातल्या भिंतीवर कोणीतरी ‘क्लॅप्टन देव आहे’ असं रंगवून ठेवलं. तेव्हा तो विशीचा होता.

दुसरा जॅक ब्रूस. स्कॉटलंडचा, जन्म १९४३. ग्लासगोच्या संगीत अकादमीत तो चेलो (व्हायोलिनच्याच घराण्यातलं मोठं वाद्य) शिकला होता, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतकार बाख त्याच्या कानात होता आणि मन जॅझमध्ये होतं. तो बास, म्हणजे खर्जातल्या स्वरांची गिटार वाजवायचा आणि गळाही खणखणीत होता. तिसरा जिंजर बेकर, खरं नाव पीटर. लाल केसांमुळे जिंजर. जन्म १९३९, लंडनचा. फिल सीमन या जॅझ ड्रमरने त्याला आफ्रिकी ढोलांच्या तबकड्या ऐकवल्या आणि त्या ऐकून त्याचा तालाकडे बघण्याचा डोळाच बदलला.

ब्रूस आणि बेकर एकमेकांना चांगले ओळखत होते, आणि तीच अडचण होती. दोघे ग्रॅहम बाँडच्या बँडमध्ये एकत्र होते. एकाने दुसऱ्याच्या वादनावर ताशेरे मारायचे, दुसऱ्याने मंचावरच काहीतरी फेकून मारायचं, प्रकरण चाकूपर्यंत जायचं. शेवटी बेकरने ब्रूसला बँडमधून काढलं. (याच ग्रॅहम बाँडच्या १९६३च्या चौकडीत त्या दोघांबरोबर गिटारवर होता जॉन मॅकलॉफलिन. पुढे माहीमच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत ‘शक्ती’ हा गट काढणारा तोच हा मॅकलॉफलिन.)

१९६६ मध्ये बेकरने क्लॅप्टनला नवा बँड काढण्याविषयी विचारलं. क्लॅप्टन म्हणाला, येतो, पण बासवर जॅक ब्रूस हवा. बेकर तेव्हा गाडी चालवत होता आणि हे ऐकून गाडी धडकता धडकता राहिली, असं क्लॅप्टन सांगतो. तरी बेकर तयार झाला. स्वतः जाऊन त्याने ब्रूसशी समेट केला.

क्लॅप्टनच्या डोक्यात काय होतं, ते इथे महत्त्वाचं. १९६५ मध्ये लंडनच्या मार्की क्लबमध्ये त्याने बडी गायला ऐकलं होतं. मागे फक्त एक बास आणि एक ड्रम, आणि पुढे बडी गाय सगळा मंच भरून टाकतोय. आपलाही असा तिघांचा बँड असावा, हे त्याचं स्वप्न. पण बडी गायच्या मागचे दोघे साथीदार होते. क्लॅप्टनने निवडलेले दोघे आयुष्यात कोणाचे साथीदार होणारे नव्हते. स्वप्नातला बँड त्याला मिळाला नाही. मिळालं ते त्याहून अवघड आणि, माझ्या मते, त्याहून मोठं काहीतरी.

२९ जुलै १९६६ रोजी मँचेस्टरच्या ‘ट्विस्टेड व्हील’ क्लबमध्ये क्रीमचा पहिला कार्यक्रम झाला आणि दोनच दिवसांनी विंडसरच्या जॅझ-ब्लूज महोत्सवात जाहीर पदार्पण.

तिघांचाच आवाज एवढा कसा भरतो?

त्या काळच्या साध्या रॉक बँडमध्ये चार-पाच जण असत. एक गिटारवाला मुख्य ओळ वाजवणार. दुसरा, किंवा पियानो-ऑर्गनवाला, सतत कॉर्ड धरून ठेवणार. कॉर्ड म्हणजे तीन-चार स्वर एकदम छेडून केलेली बैठक. त्या बैठकीवर मुख्य वादक निर्धास्त फिरतो. क्रीममध्ये ती बैठक घालणारा माणूसच नव्हता. क्लॅप्टन सोलो वाजवायला लागला की खाली उरायचे फक्त बास आणि ड्रम.

ही पोकळी दोन गोष्टींनी भरली. पहिली तंत्राची. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ताण दिला की तो आवाजाच्या लहरींची टोकं छाटतो. त्या छाटण्यातून मूळ स्वराबरोबर नवे उपस्वर निर्माण होतात, स्वर जाड होतो आणि पटकन विझण्याऐवजी लांबत राहतो. पूर्वीचे तंत्रज्ञ याला दोष मानायचे. क्लॅप्टनसारख्या वादकांनी तो दोष मुद्दाम मागून घेतला. लंडनच्या जिम मार्शलने बनवलेले प्रचंड ॲम्प्लिफायर पुरते उघडायचे आणि गिटारवरचं टोनचं बटण मात्र शून्यावर आणायचं, म्हणजे वरची किरकिर कापली जाते आणि उरतो गोल, भरदार, माणसाच्या गळ्याजवळ जाणारा आवाज. गिटारवाले त्याला ‘वुमन टोन’ म्हणतात. एकच स्वर असा लांबवता आला की दुसऱ्या गिटारची उणीव बरीच भरून निघते.

दुसरी गोष्ट माणसांची. बास गिटारचं तेव्हाचं काम म्हणजे पायाचा स्वर धरून चालत राहणं. ब्रूसने ते जवळपास झुगारून दिलं. क्लॅप्टन एक ओळ म्हणतोय तर ब्रूस खाली दुसरी स्वतंत्र ओळ म्हणणार, कधी तिला उत्तर देणार, कधी तिच्या आडवा जाणार. चेलोची तालीम आणि बाखचा अभ्यास इथे कामी आला. दोन सुरावटी एकाच वेळी चालवून त्यातून तिसरं काही उभं करणं हे बाखचंच गणित. आणि बेकर? रॉकमधले ड्रमर तेव्हा ठेका देत. बेकर दोन बास ड्रम मांडून बसायचा, दोन्ही पायांनी खालची लय चालवायचा आणि वर हातांनी तिच्यावर दुसरी लय टाकायचा. पहिल्याच अल्बमवर त्याने ‘टोड’ हा चक्क ड्रम-सोलो घातला.

म्हणजे तिघेही एकाच वेळी बोलतायत. एरवी याचा गोंगाट होतो. क्रीमचा होत नसे, कारण खाली ब्लूजचं ते १२ बारांचं आवर्तन तिघांच्याही अंगात भिनलेलं होतं. कुठे निघालोय आणि कुठे परतायचंय हे सांगावं लागत नव्हतं.

दहा स्वरांची गोष्ट

पहिला अल्बम ‘फ्रेश क्रीम’ डिसेंबर १९६६ मध्ये आला. निम्मी गाणी जुन्या ब्लूजमधली. त्याआधी १ ऑक्टोबरला एक गंमत झाली होती. अमेरिकेहून नुकताच लंडनला आलेला एक अनोळखी गिटारवाला रीजंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमधल्या क्रीमच्या कार्यक्रमात ‘मीही थोडं वाजवू का?’ असं विचारत मंचावर आला आणि हाऊलिन वुल्फचं ‘किलिंग फ्लोअर’ त्याने असं वाजवलं की क्लॅप्टन सुन्न झाला. त्याचं नाव जिमी हेंड्रिक्स.

पुढे जानेवारी १९६७ मध्ये लंडनच्या सॅव्हिल थिएटरमध्ये हेंड्रिक्सला ऐकून ब्रूस घरी आला आणि त्या भारावलेपणात त्याला ते दहा स्वर सुचले. शब्द लिहायला कवी पीट ब्राउन बरोबर होता. रात्र सरून उजाडायला आलं तेव्हा त्याने खिडकीबाहेर बघून पहाट होत आल्याची ओळ लिहिली आणि गाणं तिथून सुरू झालं.

हे गाणं जवळून बघण्यासारखं आहे. सांगाडा ब्लूजचाच, फक्त प्रत्येक भाग दुप्पट लांब: आठ बार षड्जावर, चार मध्यमावर, चार परत षड्जावर, मग पंचमाकडे. रॉकमध्ये ड्रमचा जोर साधारणपणे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असतो. बेकरने इथे तो पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर ठेवला. त्यामुळे गाणं धावत नाही, पाय आपटत चालतं. ध्वनिमुद्रण करणारा टॉम डाऊड म्हणे की ही कल्पना माझी. बेकरला ते कधीच मान्य नव्हतं. आणि क्लॅप्टनचा सोलो ‘ब्लू मून’ या जुन्या लोकप्रिय गाण्याच्या सुरावटीने सुरू होतो, तिथून हळूच ब्लूजमध्ये उतरतो. निळ्या चंद्राच्या गाण्याचा तुकडा सूर्यप्रकाशाच्या गाण्यात. जाणून केलं असो वा नसो, मला तो क्षण दर वेळी आनंद देतो.

‘डिझरेली गिअर्स’ हा अल्बम मे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या अटलांटिक स्टुडिओत अवघ्या काही दिवसांत मुद्रित झाला, कारण व्हिसा संपत आला होता. निर्माता फेलिक्स पॅपलार्डी. मार्टिन शार्प या ऑस्ट्रेलियन चित्रकाराने त्याचं भडक गुलाबी-नारिंगी वेष्टन केलं. त्यातलं ‘सनशाइन’ १९६८ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकापर्यंत चढलं.

आणि ज्याच्यामुळे ते सुचलं त्या हेंड्रिक्सने जानेवारी १९६९ मध्ये बीबीसीच्या थेट कार्यक्रमात आपलं गाणं मध्येच थांबवलं, हे क्रीमसाठी म्हणत ‘सनशाइन’ सुरू केलं आणि कार्यक्रमाची वेळ संपून गेली तरी वाजवत राहिला. क्रीम तेव्हा मोडून जेमतेम दीड महिना झाला होता.

कॅलिफोर्निया आणि ‘क्रॉसरोड्स’

क्रीमला क्रीम बनवलं ते सॅन फ्रान्सिस्कोच्या श्रोत्यांनी. १९६७च्या ऑगस्टअखेर ते बिल ग्रॅहमच्या फिलमोर सभागृहात वाजवायला गेले. तिथे कोणी घड्याळ दाखवत नव्हतं. हवं तितका वेळ वाजवा, असं सांगितलं गेलं. मग तीन-चार मिनिटांची गाणी पंधरा-वीस मिनिटांपर्यंत गेली. गाण्याचा मुखडा व्हायचा, तिघे आवर्तन सोडून मोकळ्यावर निघायचे आणि कधीतरी मुखड्यावर परत यायचे. पाश्चात्त्य रॉकच्या श्रोत्यांना हे नवं होतं. १९६८चा ‘व्हील्स ऑफ फायर’ हा दोन तबकड्यांचा अल्बम त्याचा पुरावा: एक तबकडी स्टुडिओतली, दुसरी प्रत्यक्ष कार्यक्रमातली. तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

त्यातलं ‘क्रॉसरोड्स’ १० मार्च १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्याच विंटरलँड सभागृहात मुद्रित झालं. मूळ गाणं रॉबर्ट जॉन्सन या ब्लूज गायकाचं. १९३६ मध्ये टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत एका माणसाने, एका गिटारवर गायलेलं, दबलेलं आणि भेदरलेलं. दोनच वर्षांनी, वयाच्या २७व्या वर्षी, तो गेला. क्रीमने त्याचं वादळ केलं. चार मिनिटांत दोन सोलो आहेत. पहिला तसा आटोपशीर. दुसऱ्यात क्लॅप्टन वरच्या सप्तकात चढतो आणि आवर्तनामागून आवर्तन घेत सुटतो. पण त्याच वेळी खाली ऐका: ब्रूस साथ करतच नाहीये, तो स्वतःचा सोलो वाजवतोय. आणि बेकर दोघांनाही न जुमानता ड्रम बडवतोय.

गिटारच्या इतिहासातल्या उत्तम सोलोंच्या यादीत याचं नाव हटकून असतं. क्लॅप्टनला स्वतःला मात्र ते खटकतं. मधे आम्ही ठेक्याच्या उलट्या बाजूला गेलो, असं त्याचं म्हणणं. आपल्या भाषेत सांगायचं तर सम हलली. ते समजल्यावर मी ते पुन्हा ऐकलं, आणि माझं मत असं की त्या ध्वनिमुद्रणाचा सगळा थरार तिथेच आहे. तिघे तीन दिशांना ओढतायत, तुटायला आलंय, आणि तरी तुटत नाही.

मंचावर तेव्हा वादकांना स्वतःचं वादन ऐकवणारे मॉनिटर नव्हते. पाठीमागे माणसाहून उंच ॲम्प्लिफायर. ब्रूसने आवाज वाढवला की क्लॅप्टन वाढवणार, आणि विजेचा आधार नसलेला बेकर मधे बसून जीव तोडून वाजवणार. कान गेले ते त्या शेवटच्या वर्षात, असं तो पुढे सांगत असे. एकदा कार्यक्रमात क्लॅप्टन वाजवायचा थांबला, आणि दोघांच्या ते लक्षातही आलं नाही.

मोडलं कशाने?

भांडणं हे एक कारण, पण तेवढंच नव्हे. सततचे दौरे, थकवा, नशा हे होतंच. १९६८ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकात जॉन लँडाऊने लिहिलं की क्लॅप्टन ब्लूजमधल्या घासलेल्या जागाच फिरवून वाजवतो. क्लॅप्टनला ते फार लागलं, कारण आतून त्याला ते पटलं होतं. त्याच सुमारास ‘द बँड’ या गटाचा पहिला अल्बम त्याने ऐकला. त्यात कोणी कोणावर चढत नव्हतं, सगळे गाण्यासाठी वाजवत होते. आपण कुठे भरकटलो, हे त्याला त्यात दिसलं.

दुसरं कारण पैशाचं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. गाण्याची रॉयल्टी मिळते ती शब्द आणि चाल ज्याच्या नावावर त्याला. ठेका कोणी बसवला, सुरुवात कोणी सुचवली, हे कागदावर येत नाही. क्रीमची बहुतेक गाजलेली गाणी ब्रूस आणि ब्राउन यांच्या नावावर आहेत. ‘व्हाइट रूम’च्या सुरुवातीचा तो पाच मात्रांचा भाग माझा, ‘सनशाइन’ची लय माझी, मग माझं नाव कुठे, हा बेकरचा सवाल मरेपर्यंत राहिला. मला त्याची बाजू पटते. ते ड्रम काढून घेतले तर ती गाणी तीच राहत नाहीत.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी: क्रीमने ज्यांचं संगीत घेतलं, त्यांची नावं बहुतांशी लिहिली. ‘स्पूनफुल’वर विली डिक्सनचं, ‘आय’म सो ग्लॅड’वर स्किप जेम्सचं. हा स्किप जेम्स १९३१ मध्ये ध्वनिमुद्रण करून विस्मृतीत गेला होता. १९६४ मध्ये ब्लूजच्या वेड्यांना तो मिसिसिपीतल्या इस्पितळात सापडला. आयुष्याच्या अखेरीस, आजारपणात, क्रीमच्या त्या एका गाण्याची रॉयल्टी त्याच्या कामी आली. १९६९ मध्ये तो गेला. सगळ्यांनी असं केलं नाही. ‘लेड झेपलिन’ या रॉक बँडकडून आपलं श्रेय मिळवायला डिक्सनला १९८५ मध्ये कोर्टात जावं लागलं. पण क्लॅप्टनला यावरून पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही. ज्याचं सगळं वादन कृष्णवर्णीय कलाकारांच्या ऋणात आहे, त्याच माणसाने १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. त्यातून इंग्लंडमध्ये वर्णद्वेषविरोधी संगीतकारांची चळवळ उभी राहिली. पुढे त्याने माफी मागितली, तरी क्रीमचा इतिहास सांगताना हे वगळणं मला बरोबर वाटत नाही.

२६ नोव्हेंबर १९६८. लंडनचं रॉयल अल्बर्ट हॉल. एकाच दिवशी दोन खेळ झाले आणि क्रीम संपलं. आधी वाजवणाऱ्या नवख्या गटांत ‘येस’ होता आणि रॉरी गॅलाघरचा ‘टेस्ट’. नंतर आलेल्या ‘गुडबाय’ अल्बममधलं ‘बॅज’ क्लॅप्टनने बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनबरोबर लिहिलं.

मागे काय राहिलं

तिघांचा बँड हा प्रकार रॉकमध्ये रुजला. हेंड्रिक्सचा बँड, मग ‘झेडझेड टॉप’, कॅनडाचा ‘रश’, सगळे त्या वाटेने गेले. मोठा आवाज, ब्लूजच्या स्वरांतली जड ओळ आणि लांब सोलो या मिश्रणातून हेवी मेटल निघालं, असं म्हणतात. ‘ब्लॅक सॅबथ’चा गीझर बटलर ब्रूसला ऐकूनच गिटार सोडून बासकडे वळला. पुढे गिटारवादक म्हणून गाजलेल्या एडी व्हॅन हेलनने लहानपणी क्लॅप्टनचे क्रीममधले सोलो स्वरन्‌स्वर पाठ केले होते.

क्रीमच्या नावाने पुढे अर्ध्या तासाचे कंटाळवाणे सोलोही खूप झाले. लांबी घेतली, ऐकणं घेतलं नाही. तो दोष काही अंशी क्रीमचाही. त्यांच्या १६ मिनिटांच्या ‘स्पूनफुल’मध्येही काही जागा रिकाम्या आहेत. मला त्यांचा खरा वारसा बासमध्ये दिसतो. बास गिटार बोलू शकते, वाद घालू शकते, हे रॉकला पटवलं ते ब्रूसने.

बेकर १९७० नंतर नायजेरियाला गेला, लागोसमध्ये त्याने स्टुडिओ काढला, तिथल्या फेला कुटी या गायक-वादकाबरोबर वाजवलं. ब्रूस जॅझकडे वळला. क्लॅप्टनचं पुढचं सगळ्यांना माहीत आहे. १९९३ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या समारंभात तिघांनी तीन गाणी वाजवली. मे २००५ मध्ये त्याच अल्बर्ट हॉलमध्ये चार रात्री आणि ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला तीन रात्री ते पुन्हा एकत्र आले. ब्रूसचं यकृत प्रत्यारोपण झालेलं, बेकरची पाठ आणि सांधे दुखणारे. लंडनला सगळं छान जमलं, न्यूयॉर्कला आवाजावरून जुनी कुरबुर परत निघाली. ब्रूस २०१४ मध्ये गेला, बेकर २०१९ मध्ये.

ऐकायचं असेल तर ‘क्रॉसरोड्स’पासून सुरुवात करा. पहिल्यांदा नेहमीसारखं, गिटारच्या मागे मागे ऐका. दुसऱ्यांदा हेडफोन लावा, गिटारकडे चक्क दुर्लक्ष करा आणि चारही मिनिटं फक्त ब्रूसचा बास धरून ठेवा. मग २००५चं अल्बर्ट हॉलमधलं तेच गाणं लावा: लय उतरलेली आहे, आवाज शांत आहे आणि तिघे एकमेकांना वाट देत वाजवतायत.